एक माळ होऊ दे

आमच्या घरात कूलर चालू असेपर्यंत कुणी कितीही बोला, भांडी आपटा, मोटारसायकल थेट ओसरीत आणा, पोरं हलत नाहीत. पण लाइट गेली आणि तो पत्र्याचा डबा घरघरत थांबला, की दोन मिनिटांच्या आत धाकटी उठून बसते. आवाज झाला म्हणून नाही, आवाज थांबला म्हणून. मे महिन्यात आमच्या यावल तालुक्यात पारा ४४-४५ वर असतो, त्यामुळे ती उकाड्याने उठते असं मलाही आधी वाटायचं. पण खोली तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ही उठते दुसऱ्या मिनिटाला. मी मोजलंय.

मला मोजायची खोडच आहे. लग्नाआधी भुसावळला गणिताच्या शिकवण्या घ्यायचे, आता इथे केळीच्या बागेचा हिशेब ठेवते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या लिटरांशेजारी पोरांच्या झोपेच्या वेळा लिहिते: कधी निजली, कधी उठली, मध्ये कितीदा. सासूबाईंना याचं हसू येतं. "झोपीचं काय लिहू रायली व माय? उधारी आहे का ते?"

उधारीच आहे खरं तर. दादू सात वर्षांचा, चिमी चौदा महिन्यांची. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये एक तक्ता काढला होता. एक ते दोन वर्षांच्या लेकराला दिवसाची धरून ११ ते १४ तास झोप हवी, सहा ते बारा वर्षांच्याला ९ ते १२. चिमी साडेबारा तास घेते. दादूचे नऊ होतात, तेही ओढूनताणून. म्हणजे एक खातं जमेत आणि एक जेमतेम. माझं स्वतःचं खातं मी लिहीत नाही.

झोपेचा हिशेब ठेवायची सवय माझ्या माहेरची. वडील मालगाडीचे ड्रायव्हर, आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये. आमच्या घरात झोप म्हणजे वडिलांची झोप, बाकीच्यांची नुसती रात्र. रात्री एक-दोनला कॉलबॉय, म्हणजे ड्यूटीचं बोलावणं आणणारा रेल्वेचा माणूस, सायकलवर यायचा, वहीत सही घ्यायचा, आणि दोन तासांत ते डबा-टॉर्च घेऊन निघायचे. परत कधी येतील ते गाडीच्या हातात. दिवसा ते खिडकीला ओला वाळा लावून झोपले की आम्ही तिघी बहिणी गोधडीवर सागरगोटे खेळायचो, म्हणजे पडल्याचा आवाज येणार नाही. यार्डात रात्रभर शंटिंग चालायचं, डबे एकमेकांवर धडाडधाड आदळायचे, आम्ही ढिम्म. कॉलबॉयने कडी नुसती हलवली तरी मायसकट चौघी जाग्या. त्यामुळे आज नवरा विचारतो ना, की विहिरीची मोटर चालू झाली तर तुला कळत नाही आणि चिमीने नुसता नाकातून आवाज काढला तर कशी उठतेस, तेव्हा मला नवल वाटत नाही. कान झोपत नाहीत, ते फक्त निवडतात.

माय अमळनेरकडची. तिच्या अहिराणीत झोपेला 'जप' म्हणतात. 'जपी जाय' म्हणजे झोपून जा, 'पोर जपनी का?' म्हणजे पोरगी झोपली का. पहिलीत बाईंनी फळ्यावर 'झाडे जपा' लिहिलं, तेव्हा मी घरी येऊन मायला विचारलं होतं की झाडांना कोण झोपवतं. प्रमाण मराठीत या शब्दाचा अर्थ सांभाळणं असा होतो हे कळल्यावरही माझ्या डोक्यातून पहिला अर्थ काही गेला नाही. आणि सासरी आले तर इथे तिसराच जप. सासूबाई माळकरी, मुक्ताईच्या वारीच्या. पहाटे आणि रात्री तुळशीची माळ ओढल्याशिवाय त्यांचा दिवस ना सुरू होतो ना संपतो.

त्या माळेचं पुढे सांगते.

दादू झाला तेव्हा मी पुस्तकं वाचून तयार होते आणि सासूबाई चार बाळंतपणं करून तयार होत्या. पहिल्या आठवड्यात तो झोपेत कण्हायचा, कुंथायचा, हातपाय झाडायचा, मध्येच ओठ मुडपून हसायचा. प्रत्येक आवाजाला मी त्याला उचलायचे. उचललं की तो खरोखरच जागा व्हायचा आणि मग तासभर माझी वरात. सासूबाई म्हणायच्या, "सटवाई हसवू रायली त्याले. हात नको लावू. तिचं झालं का जाईन आपली निघून." मला राग यायचा. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मी थकून खरंच हात लावला नाही. तो कुंथला, डोळे अर्धे उघडले, चेहरा रडवेला केला, आणि परत शांत झोपला. सगळं मिळून पाऊण मिनिट.

नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशीच हलती-बोलती असते, हे मला नंतर समजलं. मोठी माणसं आधी गाढ झोपेत जातात आणि स्वप्नाची झोप मागून येते. तान्ही पोरं सुरुवातच या चुळबुळ्या झोपेने करतात. शिवाय आपल्या झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा, त्यांचा तासाभराच्या आतबाहेर. दर फेऱ्याच्या टोकाला ती वर येतात, पाण्यावर नाक काढल्यासारखी, आणि हात लावला नाही तर बहुतेकदा परत बुडी मारतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आधी झोपलेल्या तान्ह्या बाळांचे डोळे बघत तास काढले, मग स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला तारा लावल्या. त्यातून या स्वप्नाच्या झोपेत डोळे भराभर फिरतात हा शोध लागला. १९५३ मध्ये त्याने आणि त्याचे गुरू क्लाइटमन यांनी तो छापला. ही गोष्ट मी सासूबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितली. त्या म्हणाल्या, "पोराच्या डोक्याले वायरी लावल्या? अन त्याची माय कुठी होती?"

तर सटवाई असो की स्वप्नाची झोप, करायचं तेच: हात लावायचा नाही.

असं पुन्हा पुन्हा झालं. मालिश-आंघोळ झाली की त्या बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणात घेऊन बसायच्या. कारण काय, तर हाडं धरतात. ते खोटं नाहीच. पण तान्ह्याला दिवस-रात्र कळत नसते, रात्र झाल्याचं सांगणारं शरीरातलं रसायन नीट पाझरायला दोन-तीन महिने जातात, आणि सकाळचा उजेड, दिवसाची गडबड, रात्रीचा अंधार यांनी त्याला हळूहळू वळण लागतं. म्हणजे हाडांबरोबर घड्याळही धरत होतं. "सव्वा महिन्यात लागेल सुतावर" असं त्यांनी सांगितलं होतं, दादूला तीन महिने लागले. एवढा फरक मी सोडून दिला.

पण सगळ्याच बाबतीत हे चाललं नाही. चाललं असतं तर हे लिहायला मी बसलेच नसते.

पहिलं भांडण उशीवरून. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, दोन्ही बाजूंना लोड, आणि पोटात गॅस धरतो म्हणून पालथं निजवायचं. मी म्हटलं, पाठीवरच निजवायचं, उशी नाही, तोंडाजवळ मऊ काही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून तिथे त्याची मोहीम निघाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास आलं. इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक पडल्याची उदाहरणं कमीच. सासूबाईंचं म्हणणं, माझी चारही पालथी निजली आणि चारही जगली. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण जी जगली नाहीत ती भांडायला येत नाहीत. शेवटी डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं, तेव्हा मोहरीची उशी देवघराच्या फडताळात गेली. आमच्याकडे एक गोष्ट मात्र चांगली होती. गादी पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली, आपल्याच कापसाची, खाली जमिनीवर अंथरलेली, टणक. बाळ रुतेल असं त्यात काही नव्हतं. झोपायला तो माझ्याशेजारी, पण त्याची दुपट्याची जागा वेगळी आणि पांघरूण वेगळं.

दुसरं भांडण गुटीचं. ते भांडण झालंच नाही, आणि का झालं नाही ते मला आजही सांगवत नाही नीट. दादू दोन महिन्यांचा होता, रात्री उठायचा. नणंद आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती. ती म्हणाली, सहाणेवर जायफळाचे दोन वेढे जास्त दे गं, रात्रभर निजतो बघ. जायफळाने गुंगी येते हे खरंच आहे, आणि इवल्या अंगाला जास्त झालं तर ती गुंगी औषधाची न राहता विषाची होते हेही खरं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई उठल्या आणि त्यांनी जायफळ उचलून पदराला बांधलं. काही बोलल्या नाहीत.

रात्री गच्चीवर सांगितलं. त्यांचं माहेर धरणगावकडचं, कापसाचं. वेचणीच्या दिवसांत बाया तान्ही पोरं बाभळीला झोळी बांधून तिच्यात ठेवायच्या आणि ती दिवसभर निजावी म्हणून अफूची बारीक गोळी चाटवायच्या. बाळागोळी म्हणायचे तिला. घरोघरी असायची, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. "आमच्या मायने एक दिवस दुसरी दिली," त्या म्हणाल्या. "ओळ लांब होती. सांजीले झोळी सोडली." त्यापुढे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. खाली कूलर चालू होता. त्यांना एक धाकटा भाऊ होता हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

त्यानंतर आमच्यात झोपेवरून वाद झाला तरी तो वरवरचा असतो.

आता माळेचं. मांडीवर निजलेलं पोर गादीवर ठेवलं की उठतं, हा जगातल्या सगळ्या आयांचा अनुभव. मी किती प्रकार केले असतील. गादी तव्याने कोमट करून झाली. माझी ओढणी खाली अंथरून झाली. श्वास रोखून, इंच इंच खाली वाकून, कमरेचे टाके दुखेपर्यंत. पाठ टेकायच्याही आधी डोळे टक्क उघडे. सासूबाई खाटेवरून बघायच्या आणि एकच सांगायच्या, "निजला म्हणून ठेवू नको. एक माळ होऊ दे." म्हणजे तो झोपल्यावरही मांडीवरच ठेवून आणखी १०८ मणी. मी रात्रीची पेंगणारी, मला १०८ म्हणजे सातपुडा चढल्यासारखं वाटायचं. पण होऊ दिली एकदा. ठेवला, आणि राहिला.

त्यांची माळ मी घड्याळ लावून मोजली. कधी साडेपाच मिनिटं, कधी सहा-सात. २०२२ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस बाळांवर हाच उद्योग करून बघितला, हृदयाचे ठोके मोजत. त्यांचं म्हणणं, रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटं न थांबता चाला, आणि झोपलं की लगेच ठेवू नका, पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: बाळ गादीला टेकलं म्हणून जागं होत नाही, आपल्या अंगापासून सुटायला लागतं तेव्हाच त्याचे ठोके बदलतात. माझे टाके, कोमट गादी, ओढणी, सगळी मेहनत चुकीच्या टोकाला चालली होती. हे सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं की जपानी लोक माळ कोणती वापरतात.

बाकी जे मला कळतं ते हाताला कळतं. हात उचलून सोडला आणि तो ओल्या फडक्यासारखा पडला, तर झोप लागली. मूठ आवळलेली असेल तर अजून नाही. थंडी वाजते का हे तळहात-तळपाय बघून कळत नाही, ते पोरांचे गारच असतात. मानेमागे दोन बोटं घालायची, तिथे घाम असेल तर पांघरूण काढ, गार असेल तर घाल. आमच्याकडे रात्री दहाला कूलरसमोर पोर उघडं निजवावं लागतं आणि पहाटे चारला त्याच कूलरने गारठतं, म्हणून चारला एकदा मानेमागे बोटं घालणं हे माझं ठरलेलं काम. जास्त जागलेलं पोर पेंगत नाही, उलट त्याला चेव येतो. दादू रात्री साडेनऊला गादीवरून कोलांट्या मारायला लागला की नवरा म्हणतो, याला झोपच नाही आलेली. माझ्या मते ती येऊन, वाट बघून, निघून गेलेली असते.

दादू साडेचार वर्षांचा असतानाची गोष्ट. जून संपत आला होता, मृगबागेची लागवड चालू होती. रात्री पावणेअकराला तो किंचाळत उठून बसला. डोळे सताड उघडे, छाती लोहाराच्या भात्यासारखी, अंग घामाने चिंब. मी जवळ घेतलं तर मलाच ढकलून "आई, आई" करत होता. स्वतःचं पोर तुमच्याकडे बघत तुम्हालाच शोधतंय, याच्याइतकं भयंकर मी दुसरं काही पाहिलेलं नाही. सासूबाईंनी चुलीतले निखारे काढले, मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबर. हे सगळं होईपर्यंत दादू आडवा झाला आणि गाढ झोपला. सकाळी त्याला काही आठवत नव्हतं, खुशाल शेव-मुरमुरे खात बसला.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री नाही. चौथ्या रात्री पुन्हा. दर वेळी दृष्ट काढली आणि दर वेळी तो शांत झाला. अख्ख्या गल्लीत झालं की मुलाला बाहेरचं आहे, फक्त आजीच्या हाताला गुण आहे. मी मात्र कॅलेंडरवर लिहीत होते: १०.४५, १०.३५, १०.५०, १०.४०. आणि किती वेळ चाललं तेही: बारा मिनिटं, दहा, पंधरा. एके रात्री सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या, दृष्ट काढायला कुणीच नव्हतं. मी नुसती शेजारी बसून राहिले, तो पडू नये एवढं बघत. अकरा मिनिटांत शांत. निखारे काढून, उतरवून, टाकून होईपर्यंत तेवढीच मिनिटं जातात, एवढाच काय तो गुण.

भुसावळच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता होतं?" मी कॅलेंडरचं पान घडी करून नेलंच होतं. त्यांनी ते बघितलं आणि खुर्चीत मागे टेकले. मग आणखी विचारलं: अंग ताठ होतं का, एकसारखे झटके येतात का, एका रात्रीत चार-पाचदा होतं का, जीभ चावतो का. तसं काही असतं तर तपासण्या कराव्या लागल्या असत्या. तसं नव्हतं. भीतीदायक स्वप्न बहुतेक उत्तररात्री पडतं, मूल खरंच जागं होतं आणि स्वप्न सांगतं. हे रात्रीच्या पहिल्या टप्प्यात, गाढ झोपेतून अर्धवट वर येताना होतं. डोळे उघडे, मेंदू झोपलेला, म्हणून ओळख नाही आणि आठवणही नाही. हलवून जागं करायचं नाही, फक्त लागू नये हे बघायचं. वय वाढलं की जातं. त्यांनी विचारलं, घरात कुणी झोपेत चालायचं का? मी नाही म्हणून सांगून आले. संध्याकाळी फोनवर वडील म्हणाले, तूच. पाच वर्षांची असताना रात्री क्वार्टरची कडी काढून फाटकाशी उभी राहायचीस, आम्ही बाहेरून कुलूप लावायला लागलो होतो. हे दोन्ही प्रकार एकाच घराण्यातले, आणि घराण्यात चालत येणारे.

पण जूनच का? ते कॅलेंडरवरच होतं, मला दिसलं नव्हतं. शाळा सुरू झाली होती, व्हॅन पावणेसातला, त्यामुळे तो सहाला उठत होता, आणि दुपारची दीड तासाची झोप शाळेने खाल्ली होती. रात्री मात्र निजायची वेळ तीच, साडेनऊ. रोज दीड-दोन तासांची तूट. तूट पडली की झोप जास्त गाढ लागते, आणि गाढ झोपेतूनच हे उसळतं. आम्ही जेवण सातला आणि झोप साडेआठला आणली. सांगायला सोपं आहे, आमच्याकडे साडेआठला तर माणसं शेतातून येतात. आठवडाभर नवऱ्याने बाहेरच्या ओट्यावर अंधारात जेवण केलं, घरात दिवा नको म्हणून. बाराव्या दिवशी कॅलेंडरवर फुली बंद झाली. सासूबाईंनी तरी शनिवारी एकदा उतरवून टाकलंच. मी नाही म्हटलं नाही. मिरच्यांचा ठसका आला, त्यांना बरं वाटलं.

शाळेच्या वेळेवर सरकारचंही लक्ष गेलं होतं. राज्यपालांनी मुलांची झोप पुरी होत नाही असं बोलून दाखवलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आदेश निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका. मी टाळ्या वाजवल्या. मग मार्च आला. खानदेशात मार्च-एप्रिलला नऊला शाळा भरवली तर पोरं घरी येतील ती भर दुपारी दोनच्या उन्हात, डोकं तापलेली. म्हणून इथे उन्हाळ्यात सकाळची शाळाच लागते, आणि तीही बरोबरच आहे. झोप की ऊन, एकच निवडा. मी ऊन टाळते आणि दुपारी कूलरसमोर दोघांना आडवं करते, जमलं तर.

गादी ओली करण्यावरून एकदा नवरा दादूवर ओरडला. पाच वर्षांच्या शंभर पोरांत साधारण पंधरा जण रात्री गादी ओली करतात, त्यात त्यांचा काही गुन्हा नसतो. मी हे सांगणार तोच आतून आवाज आला, "त्याले कशाले बोलतो? तू आठ वर्षांचा होईलोक माह्या गोधड्या वाळत होत्या." तेव्हापासून तो विषय घरात निघालेला नाही. दात खातो म्हणजे पोटात जंत, हाही एक विषय होता. शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी देतात ती घ्यायचीच, पण दात खाण्याचं खापर जंतांवर फोडू नका असं डॉक्टर म्हणाले. दीर तर त्यांच्या पंधरा वर्षांच्या पोराला रोज सकाळी पाणी मारून उठवतात, त्यांना मी सांगून बघितलं की या वयात शरीराचं घड्याळच मागे पडतं, लवकर झोप म्हटलं तरी येत नाही. ते म्हणाले, मोबाइल काढून घेतला की येते. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असावं.

आठवड्याआड शेतीला रात्रीची लाइट असते. नवरा रात्री केळीला पाणी द्यायला जातो, आणि दादूची झोप त्या आठवड्यात कॅलेंडरवर सरळ अर्धा तास कमी दिसते. तो उठत नाही, नुसता मोटारसायकल परत यायची वाट बघत झोपतो. हे कसं असतं ते मला चांगलं माहीत आहे. मी कॉलबॉयच्या घरातली आहे.

माय गेल्यापासून वडील उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. आयुष्यभर अवेळी झोपल्याने त्यांना आता रात्री झोपच येत नाही. परवा दीड वाजता लाइट गेली. कूलर थांबला. मी उठायच्या आधीच वडिलांनी चिमीला उचलून अंगणात नेलं होतं. मी दाराशी गेले तर ते लिंबाखाली खाटेवर बसलेले, ती मांडीवर, एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालतायत आणि पुटपुटतायत. त्यांना अंगाई येत नाही, अभंग येत नाही. ते स्टेशनं म्हणत होते. भुसावळ, भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा. सिग्नल लागल्यासारखं प्रत्येकानंतर थांबून.

चिमीची मूठ सुटली, हात मांडीवरून खाली लोंबला.

"निजली," मी हळूच म्हटलं. "द्या, ठेवते आत."

"पाचोऱ्यालाच निजली," ते म्हणाले. "पण चाळीसगाव येऊ दे."